टोपण एकच, निकाल दोन

खुब्याचा सांधा झिजला असता मांडीच्या हाडाचा गोल माथा समूळ न छाटता, तो केवळ तासून त्यावर कोबाल्ट-क्रोमियमचे गुळगुळीत टोपण व समोरच्या खोबणीत त्याच धातूची वाटी बसवावयाची, या पद्धतीचा शल्यविशारद डेरेक मॅकमिन यांनी घडविलेला ‘बर्मिंगहॅम’ सांधा १९९७ साली इंग्लंडात प्रचारात आला. पुढील दफ्तरी नोंदींनी मात्र असा निर्वाळा दिला की, रुंद माथ्याच्या पुरुषांत तो दीर्घकाळ टिकतो, परंतु स्त्रियांत तो बदलण्याचा प्रसंग अधिक वेळा ओढवतो. कारण माथा लहान असला म्हणजे वाटीच्या कडेवर भार येऊन मधला द्रवाचा पातळ थर तुटण्याचा संभव वाढतो, आणि घर्षणाने झडलेली धातूची रज रक्तात उतरते. म्हणूनच २०१५ साली उत्पादकांनी तो स्त्रियांसाठी वर्ज्य ठरविला.