खाण तशी माती. पण खाण ओळखायची कशी?

चऱ्होलीहून आळंदीकडे जाताना नव्या इमारतींच्या रांगांमधून अद्याप एखादा गोठा दिसतो आणि गोठ्यात पांढराशुभ्र, लांब शिंगांचा खिलारी खोंड. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. नांगराचे काम ट्रॅक्टरकडे गेले. तरी खोंड उरला, कारण शर्यतीचा घाट उरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. आता नावाजलेल्या खोंडाचा सौदा लाखांच्या भाषेत बोलला जातो आणि एका गायीचा धनी आपली गाय त्याच खोंडाकडे नेण्याची स्वप्ने पाहतो.

किंमत ही माहिती असते, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवितो. मग ही लाखांची किंमत कोणती माहिती देते? तो खोंड किती धावला, एवढीच. त्याची वासरे कशी निपजतील, हा प्रश्न वेगळा आहे. आणि गायवाला पैसे मोजतो ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

जनावराची वाढ दोन गोष्टींनी ठरते : रक्ताने आणि दाणावैरणीने. वासराचे पहिल्या काही महिन्यांचे वजन तर आईच्या दुधावरही अवलंबून असते. दूध, अंडी आणि खुराक यांवर पोसलेला खोंड भरदार दिसणारच. पण खुराक वासरात उतरत नाही. शास्त्रज्ञांच्या मते वर्षाच्या वजनातील जनावराजनावरांमधील फरकाचा साधारण तीस ते चाळीस टक्के भाग आनुवंशिक असतो. समजा, एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या सोबत्यांपेक्षा एक खोंड ६० किलोंनी जड भरला. चाळीस टक्के धरले तर त्यातील २४ किलो त्याचे पैदास-मूल्य. वासराला बापाकडून निम्मा वाटा मिळतो. म्हणजे अपेक्षित वाढ १२ किलो. डोळ्यांना दिसले साठ, हाती आले बारा! गाय नियमित गाभण राहणे यासारख्या गुणांत तर आनुवंशिकतेचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी असतो. तेथे केवळ खोंडाकडे पाहून काहीच कळत नाही. त्याच्या आई-बहिणींची आणि मुलींची नोंद पाहावी लागते.

‘खाण तशी माती’ ही आपली म्हण खोटी नाही. परंतु खाण ओळखण्याचे साधन डोळा नव्हे, वही आहे. इंग्लंडमधील रॉबर्ट बेकवेल याने अठराव्या शतकात आपले मेंढे भाड्याने देऊन त्यांच्या संततीवरून त्यांची पारख केली. आंध्र किनाऱ्यावरची ओंगोल जनावरे ब्राझीलला गेली. तेथे वजनांच्या नोंदी ठेवून निवड होत गेली आणि आज ‘नेलोरे’ या नावाने तीच त्या देशाच्या मांस-व्यवसायाचा कणा आहेत. आपला हेतू तो नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. पण हेतू बदलला म्हणून आनुवंशिकतेचे गणित बदलत नाही.

आपल्याकडे उलटेच घडत आले. गोठ्यातले उत्तम वासरू शेतकऱ्याने खच्ची करून औताला जुंपले, कारण त्याच्या घराला तेच फायद्याचे होते. त्याचे बीज मात्र तेथेच संपले. व्यक्तीचा लाभ आणि जातीचा लाभ यांची अशी फारकत होते तेथे एकट्या बाजारावर विसंबून चालत नाही. वळूची पारख करण्यास वर्षे लागतात, खर्च एकाला पडतो आणि लाभ गावोगाव पसरतो. असे काम संस्थांनी करावयाचे असते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ स्थापन करून संकरित गायींच्या बाबतीत ते करून दाखविले. त्यातून दूध वाढले. देशी वाणांच्या वाट्याला मात्र तेवढी चिकाटी आली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील संकरित व विदेशी गोधन सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढले, तर देशी गोधन सहा टक्क्यांनी घटले.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे देशी गोवंशासाठी ‘गौ चिप’ जाहीर झाली. वासराच्या रक्ताच्या वा केसाच्या नमुन्यावरून त्याचे पैदास-मूल्य लवकर अजमावण्याचा हा मार्ग स्वागतार्हच. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. जनुकांच्या खुणा वाचता आल्या, तरी कोणती खूण किती किलोंची, हे हजारो जनावरांची वजने मोजल्यावाचून कळत नाही. वही नसेल तर चिप मुकी आहे.

म्हणून मागणी मोठी नाही. माणदेशापासून खेड-मावळापर्यंत जेथे खिलार आहे तेथे वासराला बिल्ला असावा, जन्माचे व वर्षाचे वजन लिहिले जावे, आई-बापाची नोंद असावी. वजनकाटा परवडत नसेल तर छातीच्या घेराला फीत लावावी. अंदाज पुरेसा येतो. बक्षिसे वाटणाऱ्या मंडळांनी एक बक्षीस सर्वोत्तम नोंदवहीला ठेवावे. घाटात धावलेल्या बारीचे सेकंद आपण चोख मोजतो. तेवढीच काळजी वासराच्या किलोंची घेतली, तर गाय घेऊन दूरवर चालत जाणाऱ्या गरीब शेतकऱ्याला नावाऐवजी बीज विकत मिळेल.