ओढलेली श्वासनलिका आणि वऱ्हाडातला कूलर

२०१२ ते २०१५ या काळात देशातल्या १९ शहरांतील २७ केंद्रांनी फुप्फुसाच्या ऊतींच्या आजाराचे १,०८४ नवे रुग्ण नोंदवले. त्यांतल्या ४७.३ टक्के लोकांना अतिसंवेदनशील फुप्फुसदाह होता, म्हणजे श्वासातून जाणारी बुरशी, पक्ष्यांची पिसं, धूळ यांनी फुप्फुसाला आलेली सूज. आणि या गटातले ४८.१ टक्के रुग्ण कूलरच्या हवेत राहणारे होते.

पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा वलगाव, अमरावती, अकोल्यात कूलर कोणाकडे नसतो? त्यामुळे घरात तो असणं हा पुरावा नव्हे. विचारायला हवं ते ताट्यांवरच्या बुरशीबद्दल, टाकीत साचून राहिलेल्या पाण्याबद्दल.

ही सूज वर्षानुवर्षं टिकली की ऊतीत व्रण धरतो. व्रण आकसतो आणि आकसताना श्वासनलिकेची भिंत चहूकडून बाहेर ओढतो, म्हणून नळी रुंदावते. जंतुसंसर्गाने नळी रुंदावते तेव्हा भिंत आतून झिजते, कफ साचतो, पडतोही भरपूर. व्रणाने ओढलेल्या नळीत मात्र बहुधा कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारा दम.

छातीच्या साध्या एक्स-रेत हे रुंदावणं सुटू शकतं. एचआरसीटी या सीटी स्कॅनचे काप दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतात, तिथे मोजता येतं. प्रत्येक श्वासनलिकेला लागून धमनीची एक फांदी जाते. निरोगी माणसात नळीचा आतला व्यास धमनीच्या साधारण ०.६५ ते ०.७ पट असतो. तो १ पटीच्या वर गेला की आडव्या छेदात मोठं वर्तुळ आणि त्याला चिकटलेला ठिपका दिसतो, खड्याच्या अंगठीसारखं. मात्र उतारवयात निरोगी माणसाचं गुणोत्तरही १ च्या जवळ सरकतं, त्यामुळे एवढ्यावर निदान करणं मला घाईचं वाटतं. नळी टोकाकडे निमुळती होते का, हे पाहावं. फुप्फुसाच्या आवरणापासून १ सेंटीमीटरच्या आत ती दिसते का, तेही. कारण २ मिलिमीटरहून बारीक नळ्या एरवी स्कॅनवर उमटतच नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नळीचा काठ वेडावाकडा हवा आणि भोवती व्रणाची जाळी हवी. जाळी नसेल तर रुंदीचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

आवरणालगत ३ ते १० मिलिमीटरच्या पोकळ्यांची रांग लागली, तर व्रण बराच पुढे गेलेला असतो. ओढलेल्या नळ्यांची टोकं कुठे संपली आणि या पोकळ्या कुठे सुरू झाल्या, यावर अनुभवी तज्ज्ञांचंही एकमत होत नाही.

व्रणाने ओढलेली नळी पूर्ववत होत नाही. औषधाने ऱ्हास मंदावतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ६६३ रुग्णांच्या चाचणीत निंटेडॅनिब हे औषध घेणाऱ्यांची श्वासक्षमता वर्षाला ८०.८ मिलिलिटरने घटली, न घेणाऱ्यांची १८७.८ ने. या रुग्णांतला साधारण चौथा हिस्सा अतिसंवेदनशील फुप्फुसदाहाचाच होता. म्हणून स्कॅनच्या अहवालात ‘ट्रॅक्शन ब्राँकिएक्टेसिस’, म्हणजे हीच ओढलेली नळी, लिहून आलं, तर कूलरची ताटी शेवटची कधी बदलली हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांना सांगा.