कडेचा माणूस राहिला पाहिजे

कोल्हापुरातल्या जुन्या घरात भिंतीवरचा फोटो बहुधा ग्रुपचाच असतो. तालमीचा असेल तर मधे खुर्चीवर वस्ताद, मागं उभे पैलवान, पुढं मांडी घातलेली पोरं, अगदी कडेला जेमतेम मावलेला कुणीतरी आणि खाली नावांची ओळ.

संपादकांना शहराच्या फोटोपरंपरेवर लेख हवा होता. 1920च्या 'सैरंध्री'साठी बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथंच घडवला, तिथपासून ती सांगता येते. माझा पाय मात्र अडकला महाद्वार रोडजवळच्या एका लॅबमध्ये, स्कॅन केलेले असे फोटो कागदावर बसवणाऱ्या ऑपरेटरपाशी.

जुनी फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंचांची, हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहाची. लॅबचे कागद 4×6, 8×10, 8×12. आडवी फुल प्लेट 8×12वर काठोकाठ भरली, तर उंचीतला इंचभराहून जास्त भाग जातो, म्हणजे पुढची पोरं आणि नावं. हाफ प्लेट 8×10वर भरली, तर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जातो, म्हणजे कडेचा माणूस. चौकोनी 120 फिल्मचा फोटो 4×6वर भरला, तर तिसरा हिस्साच उडतो. मशीन 'ऑटो'वर ठेवलं की हे सगळं न विचारता होतं.

हा गडी ऑटोला हात लावत नाही. आधी कोरा पांढरा 8×12 उघडतो, 300 डीपीआयला. त्यावर फोटो ठेवून प्रमाण न मोडता उंची साडेसात इंच करतो. पूर्ण आठ का नाही?

"बॉर्डरलेसला मशीन फोटो जरा मोठा करतंय, कडा खातंय. वर फ्रेमची पट्टी दाबती ती निराळीच. नावं गेल्यावर कोण कुणाचा आजा, कसं कळायचं?"

त्याची ही काळजी मला फार मोलाची वाटते.

गिऱ्हाइकाला मात्र पांढरी बाजू खटकते. "ताणून बसवा की," म्हणतात. ताणला की पैलवानाचा चेहरा बदलतो. आता एआयनं मोकळी जागा भरून मागणारेही येतात. मग तालमीला नसलेली भिंत येते, कडेला नसलेला खांदा उगवतो, आणि नातवंडं तोच खरा धरून चालणार. 2019च्या महापुरात भिजलेले फोटो तर काचेलाच चिकटलेत. ओढले तर चेहरा काचेवर राहतो, म्हणून काचेसकट स्कॅन करावे लागतात. त्यात कडा वाकडी येते. ती सरळ करायला फोटो फिरवावा, तर कोपरे कागदाबाहेर जातात. म्हणून आधी कागद वाढवायचा, मग फिरवायचा.

एवढं करून प्रिंट कटरवर गेली, की पांढरं दिसलं म्हणून तिथला पोरगा छाटून टाकतो. त्यामुळं प्रत्येक पाकिटावर हा लाल पेनानं लिहितो: 'बॉर्डर कापू नये.'