ऊब राखण्याची तजवीज

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकास, रतनगड आणि १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर यांच्या दरम्यान, १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने प्रवरेचे पाणी जेथे अडविले आहे, त्या जलाशयाच्या काठी भंडारदरा वसलेले आहे. मार्गशीर्ष-पौषातील येथील गारठा पर्यटकास आल्हाददायक वाटतो, कारण दोन दिवसांनी तो खाली उतरणार असतो; परंतु संधिवात, कंबरेचे जुनाट दुखणे किंवा मज्जातंतूंचा विकार ज्यांच्या अंगी मुरला आहे, अशा येथील रहिवाशांस हे दोन-तीन महिने फार जड जातात.

निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता आकाशात निघून जाते, जमिनीलगतची हवा थंड होऊन जड होते, आणि ती डोंगरउतारावरून ओघळत खोलगट भागात साचते. म्हणून येथील थंडी पहाटे सर्वांत तीव्र असते. रात्रभर निश्चल राहिल्याने शरीरही नेमके त्याच वेळी सर्वाधिक आखडलेले असते. थंडीने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, स्नायू नकळत ताठरतात, सांध्यांची हालचाल जड होते; वेदनेच्या भयाने मनुष्य हालचाल टाळतो, आणि न हालल्याने वेदना वाढते. हवामान आणि वेदना यांच्या नेमक्या संबंधाविषयी संशोधकांत एकवाक्यता नसली, तरी एवढ्यावरून रुग्णाची तक्रार म्हणजे निव्वळ कुरकुर, असा निवाडा देणे अन्यायाचे होय.

अंग गारठल्यावर शेकोटी शोधण्यापेक्षा असलेली ऊब निसटू न देणे अधिक हिताचे. वस्त्र स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ते शरीराभोवतीची हवा अडवून धरते. सबब एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ, सैल कपडे एकावर एक घालावेत. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली गोधडी याच तत्त्वावर ऊब देते, आणि लोकरीची घोंगडी किंचित दमट झाली तरी आपला गुण सर्वस्वी टाकीत नाही. मात्र पांघरुणाइतकेच अंथरुणाकडेही लक्ष हवे, कारण सारवलेली भुई अंगातील उष्णता सतत खेचून घेते. तिच्यावर भाताचा कोरडा पेंढा किंवा गोणपाट पसरून मग गोधडी अंथरावी, आणि जमल्यास बाजेवर निजावे. कान, मनगटे व पावले उघडी ठेवू नयेत.

तापविलेल्या निर्गुडीच्या पाल्याने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास आखडलेले स्नायू सैल होतात. तथापि पिशवी फडक्यात गुंडाळावी आणि पंधरा-वीस मिनिटांनी दूर करावी. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना मंदावली आहे, त्यांस चटका बसल्याचेही कळत नाही, म्हणून त्यांच्या पायांस असा शेक देऊच नये. दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवण्यास तर सक्त मनाई असावी. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच प्राण घेतो. सांधा सुजून लाल व गरम झाला असेल, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकून तसाच आठवडेच्या आठवडे चालला असेल, तर ‘थंडीचा वात’ म्हणून दिरंगाई न करता सरकारी दवाखाना गाठावा.

एवढे सारे करूनही एक मोठी उणीव राहते. पावसाळ्यात चिखलात वाकून भाताची आवणी केलेल्या बाईची कंबर आणि गुडघे हिवाळ्यात ठणकतात, आणि घरात सर्वांच्या आधी, ऐन कडाक्याच्या प्रहरी, उठून गार पाण्यात हात घालते तीही तीच. तिला नवे पांघरूण आणून दिले, पण पहाटेची कामे तशीच ठेवली, तर त्या पांघरुणाचा उपयोग तो किती? तिने जाग आल्यावर अंथरुणातच बोटे, घोटे, गुडघे सावकाश हालवावेत. तोवर चूल दुसऱ्याने पेटवावी, पाणी धडधाकट माणसांनी भरावे, भांडी व धुणे ऊन अंगणात आल्यावर काढावे. या फेरफारास पैसा लागत नाही; लागते ती घराची संमती. जुनाट वेदनेवर औषधाइतकाच हा बंदोबस्तही उपचार आहे, आणि तो मागून घेण्याची पाळी दुखणाऱ्या माणसावर येऊ न देणे, हे त्या घरातील प्रत्येकाचे कर्तव्य आहे.