अंडं उचललं तरी शिकारच

हत्तीला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या ज्या पहिल्या अनुसूचीचं कवच आहे, तेच कोकणातल्या आंजर्ले किनाऱ्याच्या वाळूत अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवालाही आहे. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची शंभरेक अंडी मादी रात्री पुरते आणि समुद्रात परतते. पूर्वी कोकणात ही अंडी खाण्या-विकण्यासाठी सर्रास उपसली जात. कायद्यातली ‘शिकार’ मात्र व्यापक आहे: सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणंही तिच्यात येतं. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. म्हणूनच अंडी सुरक्षिततेसाठी कुंपणात हलवायची ती वनखात्याच्या देखरेखीखाली, कासवमित्रांनीच, म्हणजे घरटी राखणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांनीच. साधारण पन्नास दिवसांनी वाळू खचते, काळसर पिल्लं डोकं वर काढतात. त्यांना कृपया हातात घेऊ नका, फोटोपुरतंसुद्धा.