जुन्या मोटारीची निवड

शर्यतीच्या धांवपट्टीवर मोटार पळविण्याची हौस एके काळीं धनिकांपुरतीच होती. आज खारदांड्यासारख्या वस्तींतील तरुणहि जुनी गाडी घेऊन तींत अधिक शक्तीचें इंजिन बसविण्याचा बेत करूं शकतो. मात्र पहिली परीक्षा इंजिनाची नव्हे, अंगाची करावयाची असते. लहान मोटारींना बहुधा स्वतंत्र चासी नसते. पत्र्याचें अंगच सारा भार पेलतें. इंजिन बदलतां येतें, कुजलेलें अंग बदलतां येत नाहीं.

समुद्रकांठच्या खाऱ्या, दमट हवेंत गंज आंतून वाढतो आणि वरचा ताजा रंग तो झांकतो. म्हणून दारांखालील पट्टी, तळचा पत्रा व चाकांचे आधार जेथें जोडलेले असतात त्या जागा बारकाईनें तपासाव्या. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्या पुरांत उपनगरांतील कित्येक मोटारी बुडाल्या. त्यापूर्वींच्या गाडीचा गालिचा उचलून खालीं गाळाच्या खुणा आहेत कीं काय, हें अवश्य पाहावें.

पुढचा प्रश्न कुळाचा. १९९३ सालीं निघालेल्या मारुति झेनचें ९९३ घन सेंटिमीटरचें इंजिन आणि एस्टीमचें १२९८ घन सेंटिमीटरचें इंजिन एकाच कुळांतील असल्यामुळें बदल करतांना कापाकापी कमी होते. तीन सिलिंडरांच्या मारुति ८०० मध्यें हेंच काम अवघड ठरतें. खुद्द कारखान्यानेंहि मारुति १००० च्या अंगांत मोठें इंजिन घालूनच एस्टीम बाजारांत आणली होती.

शक्ति वाढली कीं ब्रेकांचा भार वाढतो. वेग सव्वापट झाला तर गाडी थांबविण्याचें काम दीडपटीहून अधिक होतें. म्हणून सारे पैसे इंजिनावर न उधळतां ब्रेक, टायर व सुरक्षापट्टे यांचा वांटा आधींच बाजूला काढावा.

शेवटीं कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील मूळ तपशील बदलणाऱ्या फेरफारास मनाई करतें. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच स्पष्ट केलें. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवूं नये. ती ट्रकवर घालून चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईसारख्या दूरच्या धांवपट्टीपर्यंत न्यावी लागते. हा वाहतूकखर्च धरूनहि जी परवडते, तीच खरी स्वस्त मोटार.