आग बाहेरून चढते तेव्हा

रुग्णालयात आग लागली की सगळ्यांना जिन्याने खाली आणता येत नाही. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण किंवा शस्त्रक्रिया अर्ध्यावर असलेला माणूस कसा उतरवणार? म्हणून प्रत्येक मजल्याचे आगरोधक भिंतींनी भाग पाडतात आणि रुग्णांना त्याच मजल्यावर शेजारच्या भागात सरकवतात. आग आतल्या आतच पसरेल, हे त्यात गृहीत असते. दर्शनी भागावरची ज्वलनशील एसीपी शीट नेमके हे गृहीतक मोडते.

ही शीट साधारण 4 मिलिमीटर जाड असते: अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे दोन अॅल्युमिनियमचे पत्रे आणि मधे 3 मिलिमीटर पॉलिइथिलीन. एका चौरस मीटरला हे प्लॅस्टिक पावणेतीन किलोच्या आसपास भरते आणि त्यात जवळपास चार लिटर पेट्रोलइतकी उष्णता साठलेली असते. शीट आणि भिंत यांच्यामधली पोकळी धुराड्याचे काम करते. ज्वाळा वर ओढल्या जातात आणि खिडक्यांतून एकाच वेळी अनेक मजल्यांत शिरतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी हेच घडले. 72 माणसे गेली. भंडाऱ्याच्या रुग्णालयात 2021 साली आग नवजात शिशुकक्षातच लागली होती, मग बाहेरच्या शीटची चर्चा कशाला, असे कुणी विचारील. पण ग्रेनफेलची आगही स्वयंपाकघरातल्या फ्रिजपासूनच सुरू झाली होती.

स्प्रिंकलर आहेत ना, हा आक्षेप अधिक वजनदार. मेलबर्नच्या लॅक्रॉस इमारतीत 2014 साली बाल्कनीतल्या सिगारेटमुळे शीट पेटली आणि आग काही मिनिटांत वरच्या टोकाला पोचली. तिथे स्प्रिंकलरनी क्षमतेपलीकडे काम केले, कुणी दगावले नाही. मात्र तिथले रहिवासी पायांनी खाली उतरू शकत होते. शिवाय स्प्रिंकलर खोलीत पाणी मारतात, पोकळीत नव्हे.

म्हणून रुग्णालयावरची अशी शीट काढायलाच हवी. पण ती काढणेही निर्धोक नाही, आणि इथे ती काढायला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे अर्धे तरी मान्य करावे लागते. भिंत उघडली की धुळीबरोबर अॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात; अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला ते जीवघेणे ठरू शकतात. परांची खिडक्या आणि दारे अडवते, कटरच्या ठिणग्या उडतात. ब्रिस्बेनच्या प्रिन्सेस अलेक्झांड्रा रुग्णालयाची शीट 2017 मध्ये ज्वलनशील आढळली, तरी रुग्णालय चालूच ठेवावे लागले. त्यामुळे काम टप्प्याटप्प्याने करावे, अतिदक्षता विभागावरची आणि सुटकेच्या जिन्यांलगतची शीट आधी उतरवावी, खिडक्या सीलबंद करून आतला हवेचा दाब किंचित जास्त राखावा, आणि शेवटची शीट उतरेपर्यंत रात्रीची अग्निगस्त चालू ठेवावी.